पाच लाखांचे कार्ड हातात, पण महिन्याची गोळी कुठे आहे?

माणसाचे मूत्रपिंड निकामी झाले, हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली, की सरकार लाखो रुपये मोजायला पुढे येते. त्याच माणसाचा बीपी दहा वर्षे आधी मोजून त्याला दर महिन्याला काही रुपयांची गोळी घरपोच द्यायची म्हटली, की सरकारकडे पैसा नसतो, माणूस नसतो, गाडी नसते. हा अपघात नाही, हा पैशाचा ठरवलेला क्रम आहे. त्या क्रमात सगळ्यात शेवटी कोण उभा आहे, हे पाहिले की आरोग्याचा अर्थसंकल्प हा जातीचा आणि वर्गाचा प्रश्न आहे हे कळते. आम्हाला या लेखात एवढेच सिद्ध करायचे आहे.

उदाहरणाला आम्ही पाली हे गाव घेतो. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यातले, राजगडाच्या पायथ्याचे पाली. गडाच्या पाली दरवाजाला याच गावाचे नाव आहे. वेल्ह्याच्या एसटीने पाबे गावी उतरायचे, कानद नदी ओलांडायची, की पाली दरवाजाची वाट लागते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी या वाटेने गड चढतात. हातात घड्याळ असते, ते पावले मोजते, हृदयाचे ठोके मोजते. चढून उतरल्यावर ते फोटो टाकतात आणि खाली 'फिटनेस' असे लिहितात. आमचा त्यांना विरोध नाही. पण ज्या गावातून ते जातात, तिथे रोज डोक्यावर मोळी घेऊन हाच डोंगर चढणाऱ्या बाईचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला गेला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

'कष्टकऱ्याला बीपी होत नाही' हे खोटे आहे

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. बीपी, शुगर हे बसून खाणाऱ्यांचे, श्रीमंतांचे आजार आहेत आणि शेतात राबणाऱ्याला ते होत नाहीत, असा तो समज. तो खोटा तर आहेच, शिवाय तो सरकारच्या फार सोयीचा आहे. ज्याला आजार होतच नाही असे मानले, त्याच्यावर खर्च करण्याचा प्रश्नच येत नाही.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातली आमच्या कामाची गोष्ट अशी की मधुमेह आज शहरात जास्त असला, तरी उंबरठ्यावरच्या माणसांच्या प्रमाणात शहर आणि खेडे हा फरक जवळपास उरलेला नाही. उद्याचा मधुमेही खेड्यातही तेवढाच तयार होतो आहे.

या आजारांचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. ताप आला की माणूस झोपतो, हगवण लागली की दवाखान्यात धावतो. बीपी वाढला तर बहुतेकांना काहीही होत नाही. माणूस कामाला जातो, लग्नाला जातो, मोर्चालाही येतो. आत मात्र मूत्रपिंड, डोळे, हृदय आणि मेंदूच्या नसा झिजत असतात. मग एके दिवशी तोंड वाकडे होते, एक बाजू लुळी पडते आणि घरात 'काल तर चांगला होता' असे म्हणत सगळे बसतात. म्हणून या आजारात रुग्ण दवाखान्याकडे येण्याची वाट पाहणारी व्यवस्था उपयोगाची नाही. दवाखान्याने रुग्णाकडे गेले पाहिजे आणि त्या जाण्याला पैसा लागतो.

मोफत गोळी मोफत नसते

सरकार म्हणेल, योजना आहे. खरे आहे. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी व्हावी, असे त्यात आज लिहिलेले आहे. आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरते, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी तपासणी करतो, गोळ्या मोफत मिळतात. कागद उत्तम आहे.

आता तो कागद पालीसारख्या गावात आणू. पन्नाशीच्या एका मजूर बाईचा हिशेब मांडू. तिचा बीपी वाढलेला निघाला. गोळी रोज घ्यायची आहे, आयुष्यभर. जवळच्या केंद्रात गोळ्या संपल्या असतील तर तिला वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावे लागते. एसटीच्या वेळा आपल्या हातात नाहीत. जाणे, केसपेपर, रांग, परत येणे यात दिवस गेला. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. महिन्याला एक खेप धरली तर वर्षाला बारा दिवसांची मजुरी, म्हणजे ३,७४४ रुपये बुडाले. महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले हे चांगलेच झाले, पण मजुरीला अर्धे तिकीट नसते. सरकारच्या वहीत ही गोळी शून्य रुपयांची आहे. तिच्या वहीत ती पावणेचार हजारांची आहे. अशा वेळी ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गोळी सोडून देते आणि दवाखान्याच्या नोंदीत तिच्या नावापुढे 'उपचार सोडला' असे लिहिले जाते. सोडले कुणी कुणाला, हा आमचा प्रश्न आहे.

त्यात निकषांची गोम आहे. डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ऐंशी हजारांना एक ग्रामीण रुग्णालय असा केंद्राचा निकष आहे. वेल्हे तालुक्याची, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याची, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम ५४ हजारांच्या आसपास होती. सपाटीवर तीन हजार लोक एका गावात मिळतात. इथे तेवढ्या लोकांसाठी किती वाड्या, किती ओढे, किती चढ ओलांडावे लागतात ते मोजावे. निकष डोकी मोजतो, चढ मोजत नाही. आणि वाड्यांमध्येही शेवटची वाडी कुणाची असते? बौद्धवस्ती गावकुसाबाहेर, कातकरी वस्ती त्याच्याही पुढे, धनगरवाडा डोंगराच्या माथ्यावर. ज्या क्रमाने जातीने माणसे बसवली, त्याच क्रमाने दवाखाना लांब होत जातो.

पैसा कुठे जातो?

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये सरकारने तीन वचने लिहून ठेवली. सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. राज्ये २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला देतील. आणि सरकारी आरोग्य खर्चातले दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त पैसे प्राथमिक आरोग्यसेवेवर खर्च होतील. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या काळातही, केंद्र आणि राज्ये मिळून खर्च १.८४ टक्केच होता. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्य खर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. आणि देशातल्या श्रीमंत राज्यांत गणला जाणारा आपला महाराष्ट्र आठ टक्क्यांच्या त्या रेषेच्या बराच खाली आहे.

याउलट विम्याचे पाहा. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२३ साली तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. आमचा या योजनेला विरोध नाही. तिच्यामुळे गरिबांच्या अँजिओप्लास्टी झाल्या, डायलिसिस झाले, घरे सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचली. पण ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची बीपीची गोळी तिच्यात येत नाही. म्हणजे पालीच्या त्या बाईला योजनेचा लाभ मिळायला आधी पक्षाघात व्हावा लागतो.

आणि दाखल झालेल्यांपैकी अनेकांचा पैसा खासगी रुग्णालयांकडे जातो. म्हणून विम्याच्या मागे ताकदवान मंडळी उभी असतात. मूत्रपिंड वाचवण्यात कुणाला बिल करता येत नाही, ते गेल्यावर येते. शिवाय विम्याच्या कार्डावर नेत्याचा फोटो छापता येतो. न झालेल्या पक्षाघाताचा फोटो कुठे छापणार?

जे पैसे प्राथमिक सेवेसाठी येतात तेही कंत्राटावर चालतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के. या अभियानातले कर्मचारी कायम होण्यासाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर संपावर गेले. आशाताईंनी २०२३-२४ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानात थंडीत दिवस काढले, तेव्हा मानधनवाढीचा शासन निर्णय निघाला. जिच्या हातात देशाचा सगळा प्रतिबंध कार्यक्रम आहे ती बाई 'कर्मचारी' नाही, 'स्वयंसेविका' आहे! आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने काय केले? आरोग्यवर्धिनी केंद्राचे नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' केले. संविधानाने चालणाऱ्या देशात दवाखान्याला मंदिर म्हणण्याची गरज काय, हा एक प्रश्न. दुसरा साधा प्रश्न असा की पाटी बदलल्याने बीपीचे मशीन चालू होते का? पंजाबचा तर आरोग्य निधीच केंद्राच्या पाटीच्या वादात अडकला होता.

उपदेश म्हणजे प्रतिबंध नव्हे

प्रतिबंधाच्या नावाखाली जो थोडा पैसा खर्च होतो त्यातला बराचसा फलक, पत्रके, जागतिक दिन आणि भाषणांवर जातो. मीठ कमी खा, तंबाखू सोडा, रोज चाला, फळे खा. पालीच्या माणसाला 'रोज चाला' असे सांगणे म्हणजे विनोद आहे.

आता मिठाचे घ्या. ज्या ताटात भाजी नसते, त्या ताटात भाकरीला चव आणायला मीठ-मिरचीचा ठेचा, सुकट, पापड असतो. रेशनवर तांदूळ-गहू मोफत मिळतो, पण डाळ आणि तेल त्या हक्कात नाही. जी नाचणी-वरई या डोंगरात पिकते, ती रेशनच्या ताटात येत नाही. तंबाखूचे घ्या. प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (२०१६-१७) महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते आणि त्यातले बहुतेक धूर न करणारी तंबाखू, म्हणजे मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कोणत्या टपरीवर मिळतो हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. आमच्या आया-बहिणी मिश्री लावतात ती हौस म्हणून नव्हे. भूक मरते, दुखणारा दात बधिर होतो, पहाटेच्या कामाला तरतरी येते. तंबाखू वाईटच आहे आणि ती सुटली पाहिजे. पण दाताचा डॉक्टर न देता, सोडवणारा समुपदेशक न देता, फक्त 'सोडा' म्हणणारी व्यवस्था आजाराचे खापर आजाऱ्यावर फोडते. पूर्वी दुःखाला गेल्या जन्मीचे कर्म म्हणायचे, आता 'जीवनशैली' म्हणतात. दोन्हींत दोषी तोच ठरतो ज्याला निवड करायला काही दिलेलेच नाही.

आरोग्य संवर्धनाची जगाने मान्य केलेली व्याख्याही उपदेशाची नाही. १९८६ च्या ओटावा सनदेत आरोग्याच्या पूर्वअटी सांगितल्या आहेत. त्यात शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न आहे आणि सामाजिक न्याय आणि समताही आहे. हे वाचून आंबेडकरी माणसाला नवे काही वाटणार नाही.

संविधानाने कुणावर जबाबदारी टाकली?

अनुच्छेद ४७ काढून पाहा. लोकांचे पोषणमान, राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे तिथे आहे. ते कर्तव्य विमा कंपनीचे नाही, दानशूर ट्रस्टचे नाही आणि एकट्या रुग्णाचे तर नाहीच. बाबासाहेब नुसते कायदेपंडित नव्हते. प्रांतांच्या सरकारी पैशाचा हिशेब मांडणारा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. अर्थसंकल्पाची वही वाचणे हा आमचा वारसा आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी कामगार स्त्रीच्या विश्रांतीचा भार कुणी उचलायचा हा पैशाचाच प्रश्न मांडला होता. आणि भोरहून वरंधा घाट उतरला की जे महाड लागते, तिथे २० मार्च १९२७ रोजी आपण जे मागितले ते काय होते? सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या पाण्यावरचा समान हक्क. सार्वजनिक दवाखान्यातली गोळी त्याच चवदार तळ्याचे पाणी आहे.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवाव्यात. ज्या जोतीरावांचे नाव विमा योजनेला दिले आहे, त्यांना १८८८ साली पक्षाघात झाला, उजवा हात निकामी झाला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी डाव्या हाताने लिहिले. बाबासाहेबांना मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदना आणि क्षीण होत गेलेली नजर घेऊन ते लिहीत राहिले आणि वयाच्या ६५ व्या वर्षी आपल्यातून गेले. हे आजार आपल्या चळवळीला परके नाहीत.

आमच्या वाट्याचा पैसा

संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात भारतातल्या दलित स्त्रीचे मृत्यूचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी असल्याचे नमूद आहे. साडेचौदा वर्षे! हे अंतर भरण्यासाठीच अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० पासून आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ नुसार ११.८ टक्के, तेवढा वाटा त्यांच्यावर खर्च व्हावा हे तिचे तत्त्व. पण मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणीला पैसे द्यायला आमचा विरोध नाही, ती आमचीही बहीण आहे. पण ते राज्याच्या सामान्य तिजोरीतून द्या. एका बहिणीच्या औषधाचे पैसे काढून तिलाच ओवाळणी घालणे ही कोणती माया? आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ साली, राजस्थानने २०२२ साली या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात, फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात, ही मागणी वर्षानुवर्षे पडून आहे.

कुणी म्हणेल, प्रतिबंधाने लगेच पैसे वाचत नाहीत, आजचा रुग्ण आधी वाचवा. आजचा रुग्ण वाचवाच, विमा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण प्रतिबंध न परवडणारा आहे हे खरे नाही. केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत भोरच्या शेजारचा सातारा होता. त्याची पद्धत साधी होती. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्यांचा न तुटणारा साठा, रुग्णाच्या जवळच्या केंद्रात पुन्हा गोळ्या मिळण्याची सोय आणि कोण आला नाही याची नोंद. यात यंत्र नाही, इमारत नाही. गोळी, माणूस आणि वही, एवढेच.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, राज्याच्या अर्थसंकल्पातला आरोग्याचा वाटा आठ टक्क्यांवर न्या आणि त्यातले दोन तृतीयांश प्राथमिक सेवेला द्या.

दोन, बीपी-शुगरच्या गोळ्या तीन-तीन महिन्यांच्या, वाडीत पोहोचवून द्या. उपकेंद्रातला साठा दर महिन्याला फलकावर लिहा.

तीन, डोंगरी तालुक्यांसाठी लोकसंख्येबरोबर अंतराचा निकष लावा.

चार, तपासणीचे आणि उपचार सुरू राहिल्याचे आकडे गावनिहाय आणि प्रवर्गनिहाय जाहीर करा. आमची जात मतदारयादी चाळताना दिसते, तर रुग्णांच्या यादीतही दिसू द्या.

पाच, अनुसूचित जाती-जमाती घटक निधीचा कायदा करा आणि त्यातला ठरावीक वाटा वस्तीतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेला राखून ठेवा.

सहा, आशाताईंना कर्मचारी म्हणून मान्यता आणि वेतन द्या.

मुंबईकडे बोट दाखवून थांबायचे नाही, गावातही करण्यासारखे आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी असतो. त्यातून बीपीचे मशीन येते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांच्या आरोग्य अनुदानाची ७० हजार कोटींची शिफारस केली होती, त्यातले आपल्या तालुक्यात काय आले हे विचारता येते. या तिन्हींचा हिशेब ग्रामसभेत मागा, मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. २००७ साली राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. लोकांनी जनसुनवाईत उभे राहून डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले होते. ती रीत इथल्या मातीला नवी नाही.

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्याच मांडवात तीस वर्षांवरील प्रत्येकाचा बीपी आणि शुगर मोजा, यादी करा आणि ती यादी घेऊन दुसऱ्या दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभे राहा. एवढ्या लोकांना गोळी पाहिजे, कधी देता ते लिहून द्या म्हणावे. निवेदनाची पोचपावती घ्या. महिन्याने पुन्हा जा.

गोळी हा उपकार नाही, अनुच्छेद ४७ चा हिशेब आहे आणि तो मागायचा आहे.

जय भीम! जय संविधान!